झालं का, मामंजी?

रोज सकाळी सव्वासहाला, देवापुढचा दिवा लावून झाला की सरोजा पुढच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची. काय विचारायचं ते ठाऊक होतं, कसं विचारायचं हीच पंचाईत. सासरे चौऱ्याऐंशीचे, सून सत्तावन्नची, लग्नाला चौतीस वर्षं झालेली, तरी सासऱ्यापाशी पोटाचं नाव काढायला जीभ उचलत नाही. मग ती खुंटीवरचा टॉवेल नीट करता करता भिंतीला विचारल्यासारखं विचारायची, "झालं का, मामंजी?" आणि मामंजी वर्तमानपत्राची घडी न उलगडताच सांगायचे, "नाही जाहलं." तंजावरकडची जुनी मराठी त्यांच्या तोंडात अजून शाबूत होती. बिघडलं होतं ते पोट.

सरोजा तंजावरची. वडील तिथल्या शाळेत गणित शिकवायचे. बी.कॉम. झाली, तेविसाव्या वर्षी चेन्नईत मैलापूरला सत्यनारायण रावांच्या घरात सून म्हणून आली, आणि पाच वर्षांनी अड्यारच्या एका शाळेच्या ऑफिसात चिकटली ती आजतागायत. दाखले, हजेरीपट, प्रवेशाचे अर्ज, पालकांची बोलणी. मे महिन्यात सगळ्या मास्तरणी सुटीवर जातात तेव्हा ऑफिसातल्या बायकांच्या मानगुटीवर प्रवेशांचं भूत बसतं. सकाळी आठची बस, संध्याकाळी साडेपाचची बस, दोन्हीकडे उभ्याने. नवरा मुरली एन्नोरला वीज केंद्रात शिफ्टवर. तो पहाटे जायचा आणि परत आला की पंख्याखाली आडवा व्हायचा. त्याला दोष तरी काय द्यायचा? निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं, तेवढं तो कसाबसा ओढत होता. आणि सरोजा? ती तर काय, घरातलं सगळंच ओढत होती, पण तिला निवृत्तीची तारीख कुणी दिली नव्हती.

सासूबाई, अन्नपूर्णाबाई, होत्या तोवर मामंजींचं पोट हा विषय या घरात नव्हताच. त्या बाईने साठ वर्षं नवऱ्याला काय खायला घातलं, केव्हा घातलं आणि त्याचं पुढे काय झालं, याचा हिशोब मनात ठेवला आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. सहा वर्षांपूर्वी त्या गेल्या. दागिने नणंदेकडे गेले, देव्हारा सरोजाकडे आला, आणि देव्हाऱ्याच्या पाठोपाठ मामंजींचं पोटही वारसाहक्काने तिच्याच पदरात पडलं. मामंजी तसे गरीब माणूस. पोस्टात जन्म काढलेला, आवाज चढवणार नाहीत, मागणार नाहीत, तक्रार करणार नाहीत. पण न बोलणाऱ्या माणसाची सेवा करून बघा कुणी! दिवसभर नुसते तर्क लढवायचे. सरोजाला एकच धास्ती होती. हा माणूस आपल्या हातून आजारी पडायला नको. सासूबाईंनी साठ वर्षं सांभाळलेला माणूस सुनेने सहा वर्षांत आडवा केला, असं व्हायला नको. लोक म्हणतील ते वेगळंच, पण तिचं तिलाच ते पुढे आयुष्यभर खात राहिलं असतं.

त्या मे महिन्यात ‘नाही जाहलं’ चार दिवस लागोपाठ ऐकू आलं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ती बसमधून उतरून थेट इसबगोलाचा डबा घेऊनच घरी आली. दोन मोठे चमचे टंबलरभर ताकात कालवले, मामंजींच्या खुर्चीजवळच्या स्टुलावर ठेवले आणि "लगेच प्या बरं का" म्हणून सांबाराच्या मागे लागली. अर्ध्या तासाने येऊन बघते तर टंबलर रिकामा. आत चमचा पडलेला. भुसा फुगून घट्ट झाला होता आणि मामंजींनी तो खिरीसारखा चमच्याने खाऊन टाकला होता. "वर पाणी प्यायलात ना?" तिने विचारलं. "हो, हो," ते म्हणाले. पितळेचा तांब्याही शेजारी रिकामाच होता. सरोजाला बरं वाटलं. चला, एक काम मार्गी लागलं.

पाचव्या दिवशीही नाही. तिने पुन्हा इसबगोल दिला.

सहावा दिवस रविवार. मुरली घरी होता, आणि घरी असलेला पुरुष घरातल्या दुखण्यात लक्ष घालतो तेव्हा बायकोने सावध व्हावं हे सरोजाला एव्हाना कळायला हवं होतं. "हे भुसे-बिसे काय देतेस?" तो म्हणाला. "अप्पांनी आम्हाला काय दिलं लहानपणी? एरंडेल!" तंजावरकडच्या घरांतून तो एक विधीच असायचा. वर्षातून दोनदा, शाळेला सुटी लागली की सकाळी उपाशीपोटी सगळी पोरं ओळीने उभी करायची, नाक दाबून एकेकाच्या घशात एरंडेल ओतायचं, मग दिवसभर घराबाहेर पाऊल नाही, आणि दुपारी मिऱ्याचं सार नि मऊ भात. सरोजाही त्या ओळीत उभी राहिलेली. त्यामुळे ‘नको’ म्हणायला तिला काही कारणच सापडेना. ज्याने चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मुरलीचं नाक दाबलं होतं त्या बापाला मुरलीने तीन चमचे एरंडेल पाजलं. बापाने ओठ मिटून घेतले आणि काही न बोलता गिळलं.

दिवसभर मामंजींच्या पोटात नुसत्या कळा. तोंडातून ‘अय्यो’सुद्धा नाही, पण पाय पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडलेले. बाहेर काही नाही. संध्याकाळी मुरली म्हणाला, "उद्या होईल," आणि पहाटे एन्नोरला निघून गेला. त्याचं आपलं बरं होतं.

सोमवारी सरोजा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. समोरच्या थांब्यावर बस यायला सात मिनिटं होती. दुकानदार सुंदर हा मैलापुरातला जुना, समजूतदार माणूस. तो गोळ्या काढता काढता तमिळमध्ये विचारत होता, "किती दिवस झाले? पोट फुगलंय का? दुखतं का? उलटी? डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलंय, दाखवलंय," सरोजा बसच्या दिशेने बघत म्हणाली.

आता इथे तिला खोटं बोलायचं काही कारण होतं का? नव्हतं. पण माणूस दमला की त्याला प्रश्न नको असतात, नुसतं उत्तर हवं असतं. सुंदरने तरी सांगायचं ते सांगितलंच. "रात्री एक. एकच. भरपूर पाण्याबरोबर अख्खी गिळायची, कुटायची नाही. दूध-दह्याबरोबर तर मुळीच नको, वरचं आवरण पोटातच विरघळतं आणि कळा येतात. दोन-तीन दिवसांत झालं नाही तर थांबा, परत डॉक्टरांकडे जा. आणि पोट दुखत असेल तर मुळात देऊच नका." शेवटचं वाक्य तो बोलला तेव्हा सरोजाचा एक पाय बसच्या पायरीवर होता.

त्या रात्री मामंजी म्हणाले, गोळी घशाखाली उतरत नाही. मग तिने गोळ्या कुटल्या. गोळी नव्हे, गोळ्या. दोन. एकीने इतक्या दिवसांचं कुठे निघायला, असा तिचा आपला हिशोब. आणि दहीभातात कालवून दिल्या. सुंदरने करू नका म्हणून सांगितलेलं जेवढं होतं तेवढं तिने एका वाटीत केलं.

नवव्या दिवशी मामंजींचं धोतर खराब झालं. पातळ, पाण्यासारखं. एकदा, मग पुन्हा, मग कळायच्या आत पुन्हा. मामंजी बाथरूमच्या दाराशी उभे, मान खाली, एका हाताने भिंत धरलेली. "सरोजा, तू जा इथून," एवढंच म्हणाले. ती कशाला जाते? तिने बादली आणली, धोतर घेतलं, फरशी पुसली, फिनेल ओतलं. आणि काय सांगू, त्या घाणीत उभी असताना तिला आनंद झाला. सुटलं एकदाचं! पोट मोकळं झालं! ऑफिसात फोन करून तिने कळवलं, आज येत नाही, आणि मनात म्हणाली, एवढ्यावर निभावलं.

आता जुलाब लागले म्हणून तिने उलटा कारभार सुरू केला. पातळ काही द्यायचं नाही, नुसता कोरडा भात आणि केळं. दोन दिवस हे चाललं. चार धोतरं, दोन चादरी, पुन्हा चार धोतरं. गच्चीवर वाळत घातलेली धोतरं मोजायलाही तिच्यात त्राण नव्हतं. कंबर अशी धरली की वाकली की सरळ होईना. मनात नको नको ते येत होतं. हा माणूस आपल्याला पुरून उरणार, असंसुद्धा एकदा येऊन गेलं. मग तिची तिलाच लाज वाटली आणि तिने मामंजींच्या पायांना उगीचच तेल लावून दिलं.

अकराव्या दिवशी दुपारी मामंजींना उलटी झाली. पोटाला हात लावला तर पाटा. तेव्हा कुठे सरोजा घाबरली, आणि घाबरली ती चांगलीच. ऑटो बोलावली, खालच्या मजल्यावरच्या दोघांनी मामंजींना खुर्चीत बसवून उतरवलं, आणि जवळच्या नर्सिंग होममध्ये नेईपर्यंत ती एकच वाक्य घोकत होती, "काही होऊ देऊ नकोस, देवा, माझ्या हातून नको."

डॉक्टरीणबाईंचं नाव विद्यालक्ष्मी. वय फार तर चाळीस. त्यांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, रक्त घेतलं, सलाइन लावलं, आणि सरोजाला बाजूला घेऊन बसवलं. बोलणं सगळं तमिळमध्येच. "काय काय दिलंत, क्रमाने सांगा. काही लपवू नका."

सरोजाने सांगितलं. इसबगोल, एरंडेल, कुटलेल्या गोळ्या, कोरडा भात. सांगता सांगता तिचं तिलाच ऐकवेना.

"ते जुलाब नव्हते हो," विद्यालक्ष्मी म्हणाल्या. "आत घट्ट खडा बसलाय. जागचा हलत नाही. त्याच्या कडेने जे पातळ झिरपतं तेवढंच तुम्ही बघितलंत. सगळ्यांनाच वाटतं, मोकळं झालं. खरं तर तेव्हाच यायचं असतं. आणि इसबगोल पाणी शोषून फुगतो, तेच त्याचं काम. वर दोन टंबलर पाणी पडलं नाही तर तो आत जाऊन वाटच बुजवतो. पाणी किती पितात हे?"

"रोज तांब्याभर ठेवते. संध्याकाळी रिकामा असतो."

"पिताना बघितलंय?"

सरोजाने मान हलवली. नाही. पिताना बघायला ती घरात असते कुठे?

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जे करायचं ते नर्सिंग होममध्ये केलं. एनिमा, पुन्हा एनिमा, सलाइनच्या बाटल्या. त्याचं वर्णन नको. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजींचं पोट मऊ झालं, चेहऱ्यावर जरा रंग आला, आणि विद्यालक्ष्मी स्वतः पाण्याचा टंबलर घेऊन पलंगाशी आल्या. "ताता," त्या म्हणाल्या, तिकडे आजोबांना तसंच म्हणतात, "माझ्यासमोर एवढं प्या बघू."

मामंजींनी टंबलर घेतला. सरोजा पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. त्यांनी टंबलर वर नेला, ओठांपासून वीतभर उंच, आणि मान मागे टाकायला गेले. मान गेली नाही. जानेवारीतल्या पोंगलपासून त्यांची मान आखडली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, तेल चोळून झालं होतं, वयाचं आहे म्हणून सोडून दिलं होतं. पाण्याची धार हनुवटीवर पडली, गळ्यावरून छातीवर, नर्सिंग होमच्या हिरव्या सदऱ्यावर. घोटभर तोंडात गेलं त्याचाही ठसका लागला.

टंबलरला ओठ लावून पाणी प्यायचं नाही, ही या घरची रीत. उष्टं होतं. पाणी असो की कॉफी, वरून ओतायचं, मान मागे टाकून, थेंब न सांडता. मामंजी तर यात वस्ताद. धावत्या बसमध्येसुद्धा धार चुकायची नाही, असं सासूबाई कौतुकाने सांगायच्या. सरोजाही घरात वरूनच प्यायची. ऑफिसात मात्र बाटलीला तोंड लावायची, आणि त्याचा विचारही तिने कधी केला नव्हता.

आणि आता तिला सगळं एकदम आठवलं. महिन्यापूर्वी मामंजी म्हणाले, कॉफी नको, पित्त होतं. ती मनातून सुखावली होती, सकाळचं एक काम कमी झालं म्हणून. त्याच्या आधी खुर्चीखाली रोज पाणी सांडलेलं असायचं, सदरा ओला असायचा. एक दिवस त्या ओल्यावरून तिचा पाय घसरला आणि ती भडकली होती. काय बोलली होती ती? "लहान मूल आहात का, मामंजी? दिवसभर राबून यायचं आणि वर तुमचं पाणी पुसत बसायचं!" दुसऱ्या दिवसापासून फरशी कोरडी होती. ती खूश झाली होती. म्हातारा माणूस, पण सांगितलं की ऐकतो, असं मुरलीला म्हणालीसुद्धा होती.

"तांब्यातलं पाणी कुठे जायचं, मामंजी?" तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच परका वाटला.

मामंजी बराच वेळ सदऱ्याची ओली बाही पिळत राहिले. मग म्हणाले, "तुळशीला घालत होतो."

मे महिन्याच्या उन्हात सगळ्या मैलापुरातल्या तुळशी करपल्या होत्या आणि त्यांच्या बाल्कनीतली हिरवीगार होती. शेजारणीने विचारलंही होतं, काय घालतेस गं? सरोजाला तिथेच मटकन बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर मामंजींच्या कपड्यांची पिशवी होती.

घरी सोडताना विद्यालक्ष्मींनी एक पांढरी पावडर लिहून दिली. "ही रोज सकाळी, टंबलरभर पाण्यात विरघळवून. लिहिलंय तेवढीच. एक दिवस झालं नाही म्हणून दुप्पट करायची नाही. पातळ व्हायला लागलं तर बंद करून मला फोन. आठ दिवसांनी दाखवायला आणा, मग ठरवू कधी थांबवायची ते, जन्मभर द्यायची नाहीये. एरंडेल बंद. दुकानातून मनाने काही आणायचं नाही. आणि पोटात दुखलं, उलटी झाली, रक्त दिसलं तर घरात कुठलंच औषध न देता सरळ इकडे." मग त्यांनी कागद तिच्या हातात दिला. "पण अम्मा, दिवसभरात सहा-सात टंबलर पाणी गेलं नाही तर ही पावडरही फुकट. पुन्हा इथेच याल. आणि या वयात पुन्हा झालं तर मी खात्री देणार नाही. वरून ओतून पाजू नका, ठसक्याने पाणी छातीत जाईल. तोंड लावूनच प्यायला हवं."

तोंड लावून! मुरलीने घरी येऊन अर्धा तास बापाची समजूत घातली. बाप ‘सेरी, सेरी’, म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि मुरली गेल्यावर टंबलर तसाच राहिला. दोन दिवस हे असंच. चमच्याने पाजायचं म्हटलं तर एका टंबलराला पाऊण तास. सरोजा शाळेत जाईना, हेडमास्तरणीचे फोन घेईना. पहिल्या दिवशी तिने चमच्याने तीन टंबलर पाजले, दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी सकाळी भिंतीकडे बघून "झालं का, मामंजी?" विचारलं तेव्हा उत्तर आलं, "नाही जाहलं."

आज तिने चमचा घेतलाच नाही.

तिने पावडर टंबलरात घातली, पाणी ओतलं, ढवळलं, आणि मामंजींच्या समोर जमिनीवर बसकण मारली. "आज इथून उठत नाही मी. प्या."

"ठेव तिथे. पितो."

"माझ्यासमोर."

मामंजींनी टंबलर घेतला. हात वर नेला. सरोजाने मनगट धरून खाली आणला. "तोंड लावून."

"नको, सरोजा."

"का नको? कोण बघतंय इथे? सासूबाई बघताहेत? देव बघतोय? बघू देत! तुमच्या ठसक्याने छातीत पाणी जाईल, मग काय करू मी? कुणाला तोंड दाखवू? मी दमले हो, मामंजी. खरंच दमले. तुम्हाला पुन्हा त्या पलंगावर नेण्याचं बळ नाही माझ्यात." बोलता बोलता तिला रडू फुटलं. ती पदराने डोळे पुसत होती, आणि राग मात्र तसाच होता.

मामंजी टंबलरकडे बघत होते. मग हळू आवाजात, जुन्या वळणाच्या मराठीत, तुटक तुटक बोलले. "देवाचं काही नाही गं. माझी आई सोवळ्यातली, तिचंही काही नाही. हा टंबलर तू धुशील. माझं उष्टं तुझ्या हाती कसं देऊ? ही होती तेव्हा ती धूत होती, ती बायको. तू सून. दुसऱ्याच्या घरची लेक. तुजकडून ते कशास करवू?"

सरोजा त्यांच्याकडे बघतच राहिली. हसावं की ओरडावं ते तिला कळेना.

"मामंजी," ती म्हणाली, "गेल्या पंधरा दिवसांत तुमची किती धोतरं धुतली मी? मोजलीत? कशाने भरलेली होती ती? ते माझ्या हाती दिलंत. दिलंत काय, मी घेतलं. आणि ह्या टंबलराच्या काठाला तुमचे ओठ लागले तर त्याची तुम्हाला लाज वाटते?"

खोलीत पंखा फिरत होता. रस्त्यावर कुणीतरी शहाळी विकत होतं, तो ओरडत पुढे गेला.

मामंजींनी टंबलर दोन्ही हातांत धरला. ओठांशी नेला, क्षणभर थांबले, आणि काठाला ओठ लावले. पहिला घोट घेताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग दुसरा. मग तिसरा. तहानलेला माणूस कसा पितो ते सरोजाने त्या दिवशी बघितलं. किती आठवड्यांची तहान होती कुणास ठाऊक. टंबलर संपला तेव्हा ते धापा टाकत होते आणि सदरा कोरडा होता. रिकामा टंबलर त्यांनी लगेच दिला नाही. काठावर अंगठा फिरवला, पुसल्यासारखा, आणि मग स्वतःहून तिच्यापुढे धरला. तिने घेतला.

"आणखी एक भरते," ती उठता उठता म्हणाली. गुडघ्यातून कळ आली आणि तिने खुर्चीचा हात धरला.

"सरोजा."

"काय?"

"तू प्यायलीस का आज पाणी?"

ती उभीच राहिली. आठवून बघू लागली. सहाला अर्धा कप कॉफी, तीही गार झालेली. काल दुपारी? काल दुपारी बहुतेक काहीच नाही. संध्याकाळी ताक करायला घेतलं होतं आणि विसरून गेली होती. चौतीस वर्षांत या घरात तिला पुष्कळ गोष्टी विचारल्या गेल्या. दूध आलं का, दिवा लावला का, भात शिजला का, डबा भरला का. हे कुणी विचारलं नव्हतं.

"नाही, मामंजी," ती म्हणाली.

"मग दोन आण."

तिने दोन टंबलर भरून आणले. एक त्यांच्या हातात दिला, दुसरा घेऊन त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, काठाला तोंड लावलं आणि सावकाश सगळा संपवला.